होडी ‘नांगरणे’ हा शब्द बरोबर की चूक?

नदीकाठची

मंडळी, एक शंका मनात घर करून बसली आहे, म्हणून धागा काढतेय.

माझी पुतणी सहावीत आहे, कोल्हापुरातल्याच एका शाळेत. मराठीला ‘मी पाहिलेला महापूर’ असा निबंध होता. आमचं मूळ घर प्रयाग चिखलीचं. २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४३ फूट आहे, म्हणजे अंदाज येईल). तेव्हा ती लहान होती, पण आजोबांची होडी तिला लख्ख आठवते. तिनं लिहिलं, ‘रात्री आजोबांनी होडी परड्यात नांगरून ठेवली.’ बाईंनी ‘नांगरून’वर लाल गोल केला आणि समासात लिहिलं, ‘शेत नांगरतात. होडी बांधतात.’ अर्धा गुण गेला.

गुणाचं मला काही वाटत नाही. पण पोरगी विचारतेय, ‘आत्ती, आजोबा चुकीचं बोलतात का?’ आणि मला नीट उत्तर देता येईना.

जहाजाचा नांगर, नांगर टाकला, नांगर उचलला हे वाचलेलं आहे सगळ्यांनीच. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. शेतातला नांगर आणि पाण्यातला नांगर हा मुळात एकच शब्द आहे का? होडी बांधणे आणि नांगरणे यात फरक काय? आणि समुद्र न पाहिलेल्या आमच्या आप्पांच्या (म्हणजे पुतणीच्या आजोबांच्या) तोंडी हा शब्द आला कुठून?

करवीरी

ताई, पुतणीला आधी सांगून टाका की ती बरोबर आहे. ‘नांगरणे’चे दोन्ही अर्थ मराठीत रुळलेले आहेत. ‘जहाज बंदरात नांगरले’ हे वाक्य कुठल्याही वर्तमानपत्रात सापडेल. बाकी खोलात जाणारे येतीलच.

गुऱ्हाळकर

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझं सगळं आयुष्य पंचगंगेच्या काठावर गेलं. आमच्याकडं होडीला नांगर असतो हे मी कधी बघितलं नाही. होडी काठाला लावायची, दावं खुंटीला नाहीतर करंजाच्या झाडाला बांधायचं, संपलं. त्यामुळं बाईंनी जे लिहिलं ते आमच्या गावच्या बोलीला धरूनच आहे.

आणि होडी तरी किती जणांकडं होती? आम्ही काहिलीतून, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईतून, नदी ओलांडलेली माणसं. बाहेरच्यांना पटत नाही, पण गुळाची काहील पाण्यावर छान तरंगते. आठ-नऊ फूट रुंद, तळ सपाट. फक्त तिला ना नाळ ना शेपूट, त्यामुळं धारेत गेली की गरागरा फिरते. म्हणून दोन्ही काठांच्या झाडांना आडवा दोर ताणून ठेवायचा आणि तो हातानं ओढत पलीकडं जायचं. काठाला आल्यावर कडीत दोर घालून खुंटीला. हे सगळं ‘बांधणं’च झालं. नांगरणं कुठं आलं?

भाषावेडा

फार चांगला विषय काढलात. सवडीनं लिहितो.

शेतातल्या नांगराचं मूळ आधी. संस्कृत शब्द आहे लांगल. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातलं शेतीचं सूक्त आहे, त्यात ‘शुनं कृषतु लाङ्गलम्’ असं येतं, म्हणजे नांगर सुखानं चालो. बलरामाला हलधर म्हणतात तसं लांगलीही म्हणतात, ते यावरूनच. पालीत लांगलचं नंगल झालं. पुढं मराठीत शेवटच्या ल चाही र झाला आणि नांगर तयार झाला.

ल आणि न यांची अदलाबदल आपल्याकडं नेहमीची आहे. संस्कृत निंब, आपण म्हणतो कडुलिंब. संस्कृत नवनीत, आपलं लोणी. तिथं न चा ल झाला, इथं ल चा न झाला.

हा लांगल शब्द मुळात आर्य भाषांतला नसावा असं भाषाशास्त्राचे बरेच अभ्यासक मानतात. संथालीत नांगराला नहेल म्हणतात. ख्मेर भाषेतला नांगराचा शब्दही याच घरातला आहे. म्हणजे जमीन कसणाऱ्या जुन्या लोकांकडून तो संस्कृतात आला असावा. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याच्या हातात अवजार, त्याचा शब्द टिकला.

आता पाण्यातला नांगर. फारसीत जहाजाच्या नांगराला लंगर म्हणतात. हिंदीत, गुजरातीत तोच शब्द तसाच आला. आपल्या जहाजी शब्दांत बाहेरून आलेले पुष्कळ आहेत. बंदर फारसी, खलाशी अरबी, आरमार पोर्तुगीज. कोळ्यांचा नाखवा हा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. त्या रांगेत लंगर अगदी शोभतो.

आता शेजारच्या भाषा पाहा. हिंदीत शेतात हल आणि पाण्यात लंगर, दोन्ही अगदी वेगळे. बंगालीत शेतात लाङल, पण पाण्यात नोङर. तमिळमध्ये शेतात नाञ्जिल, पाण्यात नंगूरम. म्हणजे जहाजाच्या शब्दात ल चा न होणं मराठीपुरतं नाही, दोन्ही किनाऱ्यांवर झालेलं आहे. मराठीत मात्र दोन्ही बाजूंनी येऊन शब्द अगदी एकसारखे झाले, नांगर आणि नांगर.

माझं मत असं की हे दोन शब्द दोन वाटांनी आले, एक लांगलपासून आणि एक लंगरपासून. दोन्ही मुळात एकच, असं मानणारेही आहेत. पण मला दोन वाटांचं म्हणणं जास्त पटतं.

(जाता जाता, इंग्रजी अँकर हा लॅटिन अंकोरा, ग्रीक अंकुरा यावरून आला. त्याच्या मुळाशी ‘वाकडं, आकड्यासारखं’ असा अर्थ आहे. हत्तीच्या माहुताच्या हातातला आपला अंकुश त्याच धातूतला. म्हणजे अँकरचा खरा मराठी भाऊबंद अंकुश, नांगर नव्हेच.)

करवीरी

कडुलिंबाचं उदाहरण आवडलं. लंगर म्हटल्यावर मला नांदेडच्या गुरुद्वारातला लंगर आठवला. तोही हाच का?

भाषावेडा

हो, शब्द फारसीच. जिथं थांबायचं, जिथं आल्यागेल्याला जेवण आणि आसरा मिळतो, ती जागा.

निपाणीकर

सीमाभागातून लिहितोय, घरात मराठी आणि दारात कानडी. कन्नडमध्ये नांगर म्हणजे नेगिलु आणि जहाजाचा लंगरु. दोन्ही वेगळे. त्यामुळं लहानपणी मराठी पुस्तकात ‘जहाजाने नांगर टाकला’ वाचलं तेव्हा मी खरोखर बैल नसलेला नांगर डोळ्यांसमोर आणला होता.

अजून एक. कन्नडमध्ये नावाड्याला अंबिग म्हणतात. कृष्णा-पंचगंगेच्या काठी नावा चालवणारी आंबी मंडळी आहेत, त्यांचं नाव याच शब्दातलं. नदीचे शब्द नदीतून येतात, समुद्राचे समुद्रातून. गुऱ्हाळकर म्हणतात ते मला पटतं, नदीच्या माणसाला नांगराची गरज कमी.

मालवणचो

मी मूळ मालवणचा, पंचवीस वर्षं कोल्हापुरात आहे. वडील मासेमारीला जात. भाषेतलं मला कळत नाही, पण नांगर हातानं टाकलेला आणि काढलेला आहे, म्हणून लिहितो.

बांधणं वेगळं आणि नांगरणं वेगळं. धक्क्याला, झाडाला, खुंटीला, दुसऱ्या होडीला दोर लावला की होडी बांधली. जिथं बांधायला काहीच नाही तिथं तळाला धरायचं, ते नांगरणं. कोल्हापुरात काठ नेहमी जवळ असतो म्हणून नांगर लागत नाही. आमच्याकडे दर्यात काठ कुठला?

लोकांना वाटतं नांगर जड असतो म्हणून होडी थांबते. वजनाचं काम थोडं, खरं काम टोकाचं. नांगर तळावर आडवा पडतो, होडी मागं सरकते, दोर ताणला जातो, आणि ताण आडवा आला तर टोक वाळूत घुसतं. जेवढी होडी ओढते तेवढं ते आत जातं. पण दोर आखूड ठेवला तर ताण वरच्या दिशेनं येतो आणि टोक उपटून निघतं. म्हणून दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा. वडील दोरावर तळहात ठेवून बसायचे. तळावर नांगर घसरत असेल तर दोर हाताला थरथरतो. ती थरथर थांबली आणि दोर घट्ट, शांत झाला की म्हणायचे, ‘धरल्यान.’ मग विडी.

मालवणच्या बाजूला तळाशी खडक फार. नांगर खडकात अडकला तर वरून कितीही ओढा, येत नाही. म्हणून नांगराच्या डोक्याला, फाळाच्या बाजूला, दुसरा बारीक दोर लावून ठेवायचा. अडकला की तो ओढायचा, नांगर उलटा निघतो.

आता माझा प्रश्न ताईंना. तुमच्या आप्पांनी त्या रात्री नेमकं काय केलं? बांधली की नांगरली? त्यावर सगळं आहे.

करवीरी

मालवणचे काका आलेत म्हणून एक आठवण करून देतो. कोल्हापूरला समुद्र नाही हे आजचं खरं. पण सिंधुदुर्ग आणि मालवण करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, छत्रपतींकडे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, आणि लवकरच तो परत करवीरकडे आला. १८१२ च्या तहात मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले. तोवर करवीरचं आरमार होतं.

आणि ज्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग म्हटलंय, ते रामचंद्रपंत अमात्यांचं, करवीर दरबारातलंच. पंतांची समाधी पन्हाळ्यावर आहे. गगनबावड्याचा घाट उतरला की कोकण. घाटावरची माणसं आरमारावर गेली असतील, परत आली असतील, शब्द घेऊन आली असतील. त्यामुळं ‘चिखलीच्या माणसाच्या तोंडी नांगर कुठून’ याचं मला नवल वाटत नाही.

गुऱ्हाळकर

हे माहीत होतं पण जोडून बघितलं नव्हतं. तरी ताईंच्या उत्तराची वाट बघतो.

नदीकाठची

काल रविवार होता, गावी गेले. आप्पांना सगळा धागा वाचून दाखवला. त्यांनी जे सांगितलं ते जमेल तितकं तसंच लिहिते, कारण यातलं मलाही काही माहीत नव्हतं. मी तेव्हा शहरात अडकले होते.

पहिल्या रात्री त्यांनी होडी गोठ्याच्या खांबालाच बांधली होती. आखूड दावं, निरगाठ. रात्रीत पाणी दोन-अडीच फूट चढलं. दावं वाढलं नाही, होडी मात्र वर यायला बघत होती. पहाटे आवाज झाला म्हणून बॅटरी मारली तर होडीची नाळ खाली ओढली गेलेली, मागचा भाग वर, आणि आत पाणी भरत होतं. गाठ भिजून दगडासारखी झालेली. शेवटी विळ्यानं दावं कापलं.

दुसऱ्या रात्रीसाठी त्यांनी दुसरा बेत केला. मी विचारलं, मग दोर लांब सोडून खांबालाच का नाही बांधली? तर म्हणाले, ‘आगं, खांब हालाय लागलेला. आन् धारंतनं लाकडं, पत्रं, काय काय येत हुतं. भितीला घासून होडी फुटली आसती.’ झाडं सगळी लांब.

सोप्यात जुना लोखंडी नांगर होता, बैलं होती तेव्हाचा. आप्पा आणि माझा भाऊ, दोघांनी तो उचलून होडीत आडवा ठेवला. घराच्या वरच्या अंगाला, परड्याच्या पलीकडं उसाचं रान आहे, तिथं सहा-सात हात पाणी होतं. तिथं नेऊन नांगर सोडला. सोल (जाड दोर) बांधला होता नांगराच्या पुढच्या कडीला, जिथं बैलांची साखळी लावतात तिथं. मग सोल सोडत सोडत होडी धारेबरोबर खाली आणली, घराच्या मागच्या दारापर्यंत. चाळीस हात तरी सोल गेला म्हणाले. मी विचारलं, इतका का? ‘सोल आखूड ठेवला की नांगर उठतोय. शेतात बी तसंच की. जू वर गेलं की फाळ वर येतोय.’

होडीच्या मागच्या टोकाला एक बारीक दावं लावून ते खिडकीच्या गजाला अडकवलं होतं. पाहिजे तेव्हा ओढून दाराशी घ्यायची, काम झालं की ढिली सोडायची. त्यामुळं ती भिंतीला लागत नव्हती आणि पाण्याबरोबर वरखाली होत होती. तीन रात्री होडी तशी राहिली.

आप्पांनी ‘होडी नांगरली’ हा शब्द कुठून ऐकला ते विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, ‘नांगरानं धरली, मग नांगरलीच की.’

मालवणचो

ताई, हे वाचून मी खुर्चीवरून उठलो. खरं सांगतो.

पुढे नांगर, मागे काठाला दोर, मधे होडी. आमच्याकडे वारा असेल तेव्हा होडी अशीच लावतात, म्हणजे ती धक्क्यावर आपटत नाही. हे तुमच्या आप्पांना कोणी शिकवलं नाही. आणि सहा-सात हात पाण्याला चाळीस हात सोल! पाच-सहा पट होतो. माझ्या वडिलांचा हिशेब हाच.

त्यांनी दोर कडीला बांधला हे सगळ्यांत महत्त्वाचं. नांगराच्या मधे कुठंतरी बांधला असता तर तो तळावर लोळत गेला असता. जिथून बैल ओढतात तिथूनच होडीनं ओढलं. होडी झाली बैल. फाळ आपोआप जमिनीत गेला.

एक सांगायचं राहिलं. जहाजांच्या नांगरात एक जात अशी आहे की तिचं टोक हुबेहूब फाळासारखं असतं. जेफ्री इंग्राम टेलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९३३ मध्ये तो काढला. सीक्यूआर म्हणतात त्याला. छोट्या शिडाच्या बोटींवर अजून वापरतात. टेलरसाहेबांनी जे विचार करून केलं ते तुमच्या आप्पांनी सोप्यातला नांगर उचलून केलं.

गुऱ्हाळकर

माझं म्हणणं मागं घेतो. पहिल्या रात्री बांधली, दुसऱ्या रात्री नांगरली. आणि मागचं दावं खिडकीला होतं, म्हणजे तेवढी बांधलीही. बाईंचा शब्द चुकीचा नाही, पण पोरीचा शब्द जास्त खरा आहे. तिनं डोळ्यांनी बघितलेलं लिहिलंय.

निरगाठीचं मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. पूर दरवर्षी येतोय आता. होडी असो नाहीतर जनावर, पुराच्या दिवसांत सुरगाठ मारा. शेंडी ओढली की सुटली पाहिजे. २०१९ ला आमच्या भागात किती जनावरं दावणीलाच गेली.

भाषावेडा

मी दोन दिवस या धाग्याचाच विचार करतोय.

दोन शब्द दोन वाटांनी आले हे माझं मत कायम आहे. पण मी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. शब्द नुसत्या उच्चारानं एकमेकांत मिसळत नाहीत, वापरणाऱ्याला ते एक वाटावे लागतात. द्वारकेच्या समुद्रात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना दगडी नांगर सापडले आहेत. काही नुसते भोक पाडलेले दगड, वजनावर चालणारे. काही त्रिकोणी, तीन भोकांचे. वरच्या भोकात दोर आणि खालच्या दोन भोकांत लाकडी खुंट्या, तळात रुतायला. नुसत्या भोकाच्या दगडाला कोणी शेतकरी नांगर म्हणणार नाही. पण खुंट्या रुतवत जाणारा दगड पाहिला की म्हणेल. हिंदी भाषकानं शेतात हल म्हटलं, त्यामुळं त्याच्या कानात हे दोन शब्द जवळ आलेच नाहीत. मराठी माणसाच्या हातात नांगर होता, कानावर लंगर पडला, आणि डोळ्यांना काम तेच दिसलं. आप्पांचं ‘नांगरानं धरली, मग नांगरलीच की’ हे माझ्या चार परिच्छेदांपेक्षा नेमकं आहे.

पुतणीला सांगा, तिचं वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतलंय.

निपाणीकर

ताई, पाणी उतरल्यावर नांगर निघाला का? इतका ताण बसल्यावर चांगलाच रुतला असणार.

नदीकाठची

हो, तेही विचारलं मी. सोल धरून मागं मागं गेले तर ऊस सगळा आडवा, वर गाळ, आणि नांगर दिसेना. सोल सरळ जमिनीत गेलेला. फावड्यानं उकरला तेव्हा फाळ हातभर खाली होता. जिथं टाकला होता तिथून दोनेक हात सरकलेला, आणि मागं गाळात नांगरटीसारखं एक तास (चर) पडलेलं. शेवटी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर लावून काढला.

काल मी सोप्यात जाऊन बघितला. गंजलाय. होडीकडं सुरगाठ होती म्हणून त्या बाजूनं सोल सुटला, पण नांगराकडं निरगाठ मारलेली. ती सुटली नाही म्हणून आप्पांनी सोल तिथंच कापला. कडीत अजून वीतभर तुकडा आहे, गाठीसकट.